द्राक्ष बागायतदारांनी मिळून लिहिलेली प्रश्नोत्तरे: तपासणी, दुरुस्ती आणि डिस्क्लेमरची जागा

प्रश्न असा आहे: नाशिक जिल्ह्यातील काही तरुण द्राक्ष बागायतदारांनी आपल्या गटाच्या संकेतस्थळावर नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे सर्वांनी मिळून लिहायला सुरुवात केली आहे. दोन हंगामांत बरीच उत्तरे जमली आहेत. त्यांची तपासणी कोणी आणि कशी करावी, चुकलेले उत्तर काढून टाकावे की दुरुस्त करावे, आणि पानाच्या तळाशी ‘या माहितीचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा’ असे एक वाक्य, म्हणजे डिस्क्लेमर, टाकले तर ते पुरेसे होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी कृषी पदवीधर आहे आणि गेली बारा वर्षे अशाच एका प्रश्नोत्तर-संग्रहाचे संपादन करते आहे. उत्तराची सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यातूनच निघतात. तळाशी टाकलेले एक वाक्य पुरेसे होत नाही. मी हे कायद्याच्या अंगाने म्हणत नाही, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. ते पुरेसे होत नाही, कारण ज्याला त्याची गरज असते त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

आमच्या संग्रहात एका अनुभवी बागायतदाराने नव्या लागवडीच्या बागेतील फवारणीबद्दल लिहिले होते, ‘एका पंपाला तीस मिली घ्यावे.’ त्यांचा पंप वीस लिटरचा होता, म्हणजे मात्रा लिटरला दीड मिली होती. हे उत्तर कोणीतरी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले आणि ते पंधरा लिटरचा पंप असलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती पडले. त्याने पंपात तीस मिलीच टाकले, म्हणजे लिटरला दोन मिली, एक तृतीयांश जास्त. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या आणि वेलींची वाढ काही आठवडे मागे पडली. पानाच्या तळाशी आमचे जबाबदारी नाकारणारे वाक्य तेव्हाही होते, पण स्क्रीनशॉटमध्ये ते आलेच नव्हते. आणि आले असते तरी त्या माणसाला त्यातून काय कळले असते? ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य पंप किती लिटरचा आहे ते विचारत नाही. ती चूक लिहिणाऱ्याची होती असे मी कधीच म्हटले नाही. त्यांच्यासाठी पंप म्हणजे त्यांच्या शेडमधला पंप. ‘पंप’ या शब्दापाशी थांबणे माझे काम होते आणि मी थांबले नव्हते.

तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळतो. ज्या वाक्यात मात्रा आहे, त्याच वाक्यात तिची अट असली पाहिजे. मात्रा लिटरमागे लिहायची, पंपामागे, बॅरलमागे किंवा झाकणामागे नाही. एकरी मात्रा लिहिली असेल तर पाणी किती धरले आहे तेही तिथेच लिहायचे, कारण ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणारा आणि एचटीपी या जास्त दाबाच्या पंपाच्या गनने फवारणारा एकरी सारखे पाणी वापरत नाहीत. औषधाचे व्यापारी नाव पुरेसे धरायचे नाही. त्यातला कंटेंट, म्हणजे मुख्य घटक, कोणता, किती टक्के आणि कोणत्या रूपात आहे, हे लिहिल्याशिवाय उत्तर प्रसिद्ध करायचे नाही. मण्यांच्या वाढीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिब्रेलिक ॲसिडचेच उदाहरण घ्या. बाजारात ते तीव्र पुडीच्या रूपात मिळते आणि अत्यंत सौम्य तयार द्रावणाच्या रूपातही मिळते. ‘शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम’ (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) हा हिशेब शुद्ध घटकाच्या एका ग्रॅमचा आहे. तोच हिशेब डोक्यात ठेवून कोणी सौम्य द्रावण मोजले तर काहीच परिणाम दिसणार नाही, आणि सौम्य द्रावणाच्या लेबलवरचा आकडा कोणी तीव्र पुडीला लावला तर त्या हंगामाच्या घडांचे काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझ्या दृष्टीने डिस्क्लेमर हा उत्तराचा भाग आहे. तुम्ही ज्याला डिस्क्लेमर म्हणता त्यात खरे तर दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक वाक्य लिहिणाऱ्याच्या बचावासाठी असते आणि दुसरे वाचणाऱ्याच्या बचावासाठी. पहिले तळाशी एकदा लिहिले तरी चालते. दुसरे मात्र प्रत्येक उत्तरात वेगळे लिहावे लागते, कारण धोकाच प्रत्येक उत्तरात वेगळा असतो. आणि सगळीकडे एकच वाक्य चिकटवले की चार दिवसांत वाचकाची नजर त्यावरून घसरू लागते. पुढे खरोखर जिवाचा धोका असलेल्या उत्तरापाशीसुद्धा ती तशीच घसरते, हे त्याहून वाईट.

जिवाचा धोका कुठे असतो? फळछाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो, म्हणजे ते रसायन काडीवरच्या डोळ्यांना लावतो. ‘पेस्टिंग कसे करावे’ हा प्रश्न तुमच्याकडे नक्की असणार आणि त्याच्या उत्तरात काडीची जाडी, किती डोळ्यांना लावायचे, छाटणीनंतर किती वेळात लावायचे, हे सगळे बारकाईने लिहिलेले असणार. परंतु या रसायनाशी संपर्क आलेल्या माणसाने त्या काळात दारू घेतली तर चेहरा लाल होणे, धाप लागणे, छातीत धडधडणे, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होतो, हे त्या उत्तरात आहे का ते पाहा. आमच्या संग्रहात पहिली तीन वर्षे ते नव्हते. लिहिणाऱ्यांपैकी कोणी स्वतः पेस्टिंग करत नव्हते, हे त्याचे कारण. ते काम करायला पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबे असतात आणि ती आपले संकेतस्थळ वाचत नाहीत. त्यामुळे इथे खबरदारीची टीप वाचकाला उद्देशून लिहून भागत नाही. ती अशी लिहावी लागते: ‘काम सुरू करण्यापूर्वी मजुरांना तोंडी सांगा की कामाच्या आधी आणि नंतर लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत दारू घ्यायची नाही. हातमोजे तुम्ही पुरवा. त्रास जाणवला तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा लेबल सोबत न्या.’ ही टीप उत्तराच्या सुरुवातीला, मात्रेच्याही आधी यायला हवी.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते पीक वेगळे आणि परिस्थिती वेगळी, पण त्यानंतर मी आमच्या संग्रहातील मिश्रणांबद्दलची सगळी उत्तरे पुन्हा वाचून काढली. ‘हे आणि ते एकत्र चालते का’ या प्रश्नाला ‘आम्ही मारले, काही झाले नाही’ असे उत्तर देणे आपल्याकडे फार सहज घडते. त्यात ‘काही झाले नाही’ याचा अर्थ पानांना काही झाले नाही एवढाच असतो. फवारणाऱ्याला काय झाले, हे कोणी विचारलेले नसते. अशी उत्तरे आम्ही आता घेत नाही. विषबाधेची लक्षणे आणि उपचार हा विषय तर सर्वांनी मिळून लिहायचा विषयच नाही. तिथे अनुभवकथन नको. लेबलवरील प्रथमोपचार, १०८ आणि ११२ हे क्रमांक आणि जवळचे रुग्णालय, एवढेच असावे आणि ते पान कोणालाही परस्पर बदलता येऊ नये.

आता तपासणी कोणी करावी याबद्दल. सगळी उत्तरे एकाच चाळणीतून काढायचा प्रयत्न केलात तर तपासणारी माणसे दोन महिन्यांत थकतील. वेलींना आधार देणारे मांडव आणि वाय ट्रेलिस यांतला फरक, घडातले मणी कमी करण्याच्या विरळणीला किती मजूर लागतात, शेंडा कधी मारावा, अशी उत्तरे गटातल्या कोणाही दोघांनी वाचली तरी पुरते, आणि त्यात मतभेद असतील तर ते असू द्यावेत. औषध, संजीवक (वाढीवर परिणाम करणारे रसायन) किंवा खताची मात्रा असलेले प्रत्येक उत्तर मात्र अशा व्यक्तीने तपासावे, जिने त्या वेळी लेबल समोर ठेवलेले आहे. व्यक्ती कितीही जाणकार असली तरी लेबल समोर हवेच, आठवणीतून तपासणी करू नये, हे मी स्वतःलाही लावून घेतले आहे. त्या लेबलवर द्राक्ष हे पीक आहे का, म्हणजे लेबल क्लेम आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर ते उत्तर ‘अनेक जण वापरतात’ या आधारावर ठेवता येणार नाही. लेबलवरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे, हेही उत्तरात लिहावे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. ज्याला रासायनिक नाव वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो.

तपासणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे लिहिणारा काय विकतो. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांना औषधांची माहिती खरोखर चांगली असते आणि त्यांना लिहू न देणे हा आपलाच तोटा आहे. फक्त त्यांच्या उत्तराखाली ‘लेखक कृषी निविष्ठांचे विक्रेते आहेत’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. हे त्यांना आधीच सांगून ठेवले तर कोणी रागावत नाही. नंतर गुपचूप लावले तर रागावतात आणि ते योग्यच आहे. ‘जैविक आहे, रेसिड्यूचा (फळातल्या औषधाच्या अवशेषांचा) प्रश्न नाही’ असे सांगणाऱ्या उत्तरांना मी जास्त वेळ देते. जैविक म्हणून विकल्या गेलेल्या उत्पादनांत लेबलवर नसलेली कीटकनाशके निघाल्याची उदाहरणे आहेत आणि निर्यातीच्या बागेत त्याची किंमत बागायतदाराला मोजावी लागते.

निर्यातीचा विषय निघालाच आहे तर तारखेबद्दल लिहिते, कारण द्राक्षाच्या प्रश्नोत्तरांत सर्वांत जास्त नुकसान जुन्या, एके काळी बरोबर असलेल्या उत्तरांमुळे होते. २०१० चा हंगाम तुमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, माल नाकारला गेला आणि अनेक घरांचे कंबरडे मोडले. सीसीसी आपण खरड छाटणीनंतर, म्हणजे फळे काढून झाल्यावर नव्या काड्यांसाठी केलेल्या छाटणीनंतर, घड दिसण्याच्या कितीतरी महिने आधी वापरत होतो आणि म्हणूनच त्याचा अंश फळात सापडेल असे बहुतेकांच्या मनातही नव्हते. २००९ साली कोणी ‘वाढ रोखण्यासाठी सीसीसी वापरावे’ असे लिहिले असते तर तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्याला कोणी हरकत घेतली नसती. एका वर्षाने तेच वाक्य निर्यातदाराला बुडवणारे ठरले. क्लोरपायरीफॉसचेही तसेच आहे. युरोपियन महासंघाने जानेवारी २०२० मध्ये त्याच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. त्याआधी लिहिलेली मिलीबग या किडीवरची कितीतरी उत्तरे आजही फिरत आहेत.

म्हणून प्रत्येक उत्तराला तारीख हवी. ती ‘प्रकाशित दिनांक’ म्हणून कोपऱ्यात असण्यापेक्षा वाक्यात असावी: ‘२०२३ च्या फळछाटणीच्या हंगामात निफाड तालुक्यातील थॉमसनच्या बागेत वापरलेली मात्रा.’ या एका ओळीत साल, छाटणी, ठिकाण आणि वाण हे सगळे आले. ठिकाण का हवे, तर छाटणीनंतरचे दिवस सगळीकडे सारखे नसतात. डिसेंबरात निफाडकडे थंडी पडली की मण्यांची वाढ मंदावते आणि तासगावकडची बाग त्याच दिवशी पुढच्या अवस्थेत असू शकते. ‘पंचेचाळिसाव्या दिवशी’ असे उत्तर आले की आम्ही लेखकाला मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये विचारतो आणि उत्तरात तोच घालतो.

काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ आणि कमाल अवशेष मर्यादा यांचे तक्ते मात्र तुमच्या संग्रहात उतरवून ठेवू नका. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येणारी आणि अपेडा या कृषी निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या अवशेष नियंत्रण कार्यक्रमात वापरली जाणारी यादी, आपण जिला अनेक्शर-पाच म्हणतो ती, सुधारली जाते. तुम्ही उतरवलेला तक्ता त्या दिवसापासून जुना व्हायला लागतो. उत्तरात एवढेच लिहावे की पीएचआय, म्हणजे हा प्रतीक्षा काळ, चालू वर्षाच्या यादीत पाहा, आणि मूळ यादीची जोडणी द्यावी. वाचकाला एक पाऊल जास्त चालावे लागते, पण ते बरोबर ठिकाणी जाते. ज्याला इंटरनेटवर शोधणे जमत नाही त्याच्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक द्या. तिथे मराठीत बोलता येते.

चुकलेले उत्तर काढून टाकावे का? माझे मत ठाम आहे: अनुचित किंवा बदनामीकारक मजकूर काढावा, पण चुकीचा सल्ला काढू नये, तो खोडावा. जे उत्तर एकदा शेकडो मोबाईलवर गेले आहे ते तुम्ही मूळ पानावरून पुसले तरी मोबाईलवरून पुसले जात नाही. उलट खात्री करायला आलेल्या माणसाला रिकामे पान दिसते आणि तो हातातल्या स्क्रीनशॉटवरच विश्वास ठेवतो. त्यामुळे पान तिथेच ठेवावे, सर्वांत वर ‘हे उत्तर आता लागू नाही’ असे ठळक लिहावे, कधीपासून आणि का लागू नाही ते दोन ओळींत सांगावे, आणि जुनी मात्रा आडव्या रेघेने खोडून दिसत ठेवावी. खोडलेला आकडा दिसला की वाचक आपल्याकडचा आकडा त्याच्याशी ताडून पाहू शकतो.

इथे कायद्याचा मुद्दा येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये इतरांनी लिहिलेला मजकूर केवळ पोहोचवणाऱ्या मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण आहे, आणि मजकूर स्वतः निवडलेला किंवा बदललेला नसणे ही त्यांतील एक अट आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने मजकूर हटवण्याची जबाबदारी न्यायालयीन आदेश किंवा शासकीय सूचना मिळाल्यावर येते, असा त्या कलमाचा अर्थ लावला. २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. पण तुमचा गट उत्तरे निवडणार, तपासणार आणि सुधारणार आहे. अशा वेळी ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ असे गृहीत धरून चालू नका, एखाद्या वकिलाशी प्रत्यक्ष बोला. तोपर्यंतची माझी पद्धत अशी आहे की दुसऱ्याच्या उत्तरातील मात्रा मी कधीही स्वतः बदलत नाही. शुद्धलेखन दुरुस्त करते, एककाबद्दल लेखकाला फोन करते आणि त्याने सांगितलेला बदल त्याच्याच नावे करते. तो सापडला नाही तर उत्तराच्या वर ‘संपादकीय टीप’ म्हणून माझ्या नावाने वेगळे लिहिते. त्यामुळे कोणते वाक्य कोणाचे हे वाचकाला कळते आणि त्या वाक्याची जबाबदारीही त्या त्या माणसाकडे राहते.

या पद्धतीचा दुसरा फायदा माणसांच्या बाबतीत दिसतो. आपल्याकडे उत्तरे लिहिणारे बरेच जण चाळीस-चाळीस वर्षे बाग केलेले असतात. त्यांच्या उत्तरावर विशीतल्या मुलाने लाल टीप लावली तर ते पुन्हा लिहीत नाहीत, आणि त्यांचे न लिहिणे हा कोणत्याही चुकीच्या उत्तराइतकाच मोठा तोटा आहे. आमच्याकडे एक अण्णा आहेत. त्यांच्या भुरी या बुरशीजन्य रोगावरच्या उत्तराला टीप लावायची होती तेव्हा मी आधी त्यांच्या बागेत गेले, लेबल त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटले, ‘अण्णा, तुम्ही लिहिलेले तुमच्या बागेला बरोबर आहे. निर्यात करणाऱ्याने वाचले तर काय सांगू?’ त्यांनी स्वतःच सांगितले की हे लोकल मार्केटच्या बागेपुरते आहे असे घाला. ती अट त्यांच्याच शब्दांत आज तिथे आहे. माझ्या कोणत्याही टिपेपेक्षा वाचक ती जास्त ऐकतात, कारण ती बागायतदाराने बागायतदाराला सांगितलेली आहे. म्हणून उत्तर मागतानाच अट मागून घ्या. ‘हे कोणी करू नये?’ हा एक रकाना तुमच्या फॉर्ममध्ये सक्तीचा ठेवा. त्यात जे येते त्यातून निम्मे डिस्क्लेमर तयार होतात. हा रकाना रिकामा सोडणारी, कुठून तरी आयती उचललेली उत्तरेही त्यातच लक्षात येतात, कारण स्वतःची बाग असलेल्याला याचे उत्तर सुचतेच.

दोन अनुभवी माणसांची उलट उत्तरे आली तर एकाची निवड करण्याची घाई करू नका. विरळणी हाताने करावी की संजीवकावर सोडावी, या प्रश्नावर आमच्याकडे दोन उत्तरे शेजारी शेजारी आहेत. एकाच्या गावात मजूर मिळतात, दुसऱ्याच्या गावात ऐन हंगामात मिळत नाहीत. हे कारण लिहिल्यावर त्या दोन उत्तरांत विरोध राहिला नाही.

तळाच्या वाक्याबद्दल शेवटी. ते ठेवायचेच असेल तर ‘कोणतीही हमी नाही’ असे मोघम लिहू नका, जे खरे आहे ते लिहा: ‘ही उत्तरे बागायतदारांनी आपापल्या अनुभवातून लिहिली आहेत. मात्रा असलेली उत्तरे लेबलशी ताडून पाहिली आहेत, तपासणीची तारीख प्रत्येक उत्तरात आहे. तारीख नसलेले उत्तर तपासलेले नाही असे समजावे. तुमच्या हातातील डब्याचे लेबल आणि हे उत्तर यांत फरक आढळला तर लेबल पाळावे आणि आम्हाला कळवावे.’ हे शब्द लिहिलेत की प्रत्येक उत्तराची खरोखर तपासणी करणे तुमच्यावर बंधनकारक होते, हे मात्र लक्षात ठेवा. तेवढे मनुष्यबळ नसेल तर उत्तरे कमी ठेवा.

वर्षातून दोन वेळा, खरड छाटणीच्या आधी मार्चमध्ये आणि फळछाटणीच्या आधी ऑगस्टअखेर, सगळी मात्रा असलेली उत्तरे पुन्हा काढून बसावे लागते. आम्हा तिघांना त्याला साधारण चार संध्याकाळी लागतात. तुमची सुरुवात म्हणून या आठवड्यात फक्त एवढे करा: संग्रहात ‘पंप’, ‘झाकण’ आणि ‘बॅरल’ हे तीन शब्द शोधा आणि ज्या ज्या उत्तरात ते सापडतील, त्या प्रत्येक लेखकाला फोन लावा.